पान कुणाचं, पाटी कुणाची



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना भाषणातली आडवळणं खपत नसत, असं संयोजकांनी मला आधीच बजावलं आहे. म्हणून विषय लगेच सांगतो. गणपतीपुळ्यात बसथांब्यापासून देवळापर्यंत चालत आलं की दुतर्फा घरांवर पाट्या दिसतात: अमुक होमस्टे, तमुक होमस्टे. काही जुन्या पाट्यांवर अजून 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' असं वाचता येतं. या दोन पाट्यांच्या मध्ये काय घडलं, आणि नव्या पाटीतून कोण गाळलं गेलं, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

सुरुवात इंग्रजीपासून करू, कारण पाटी तिथून आली. 'होमस्टे' हा शब्द इंग्रजीतही जुना नाही. विसाव्या शतकातला, अमेरिकेत रुळलेला. 1932 साली डोनाल्ड वॉट नावाच्या गृहस्थांनी 'एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' नावाचा उपक्रम सुरू केला. एका देशातल्या तरुणांनी दुसऱ्या देशातल्या कुटुंबात काही आठवडे राहायचं, त्यांच्या ताटात जेवायचं, त्यांची भाषा ऐकायची. पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं, दुसरं यायचं होतं. माणसं एकमेकांच्या घरात राहिली तर एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, अशी ती भाबडी म्हणा, उदात्त म्हणा, आशा. तिथे येणारा गिऱ्हाईक नव्हता. घरातल्या मुलासारखा राहायचा, म्हणजे भांडीही विसळायचा. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जण भांडी विसळतात, हे मी विचारणार नाही.

त्याच्या शेजारचे शब्द मात्र बरेच जुने आहेत. 'गेस्ट-हाऊस' हा जोडशब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही होता. त्यातल्या 'गेस्ट'चं मूळ आणि लॅटिनमधल्या 'होस्टिस' या शब्दाचं मूळ एकच, आणि 'होस्टिस' म्हणजे आधी परका, मग शत्रू. त्याच घराण्यातल्या 'होस्पेस'पासून होस्ट आला, हॉटेल आलं, हॉस्टेल आलं आणि हॉस्पिटलही. दारात उभा असलेला अनोळखी माणूस जेवायला बसेल की घर लुटेल, हे त्या काळच्या माणसाला आधी कळत नसे, तो धसका या शब्दांच्या पोटात राहिला आहे. 'बोर्डिंग' मधलं बोर्ड म्हणजे लाकडी फळी. फळीचं टेबल झालं, टेबलावरून शब्द जेवणाकडे सरकला. म्हणून बोर्डिंग म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे पाठ टेकायला जागा. 'बेड अँड ब्रेकफस्ट'ची गंमत अलीकडची आहे. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी आपल्या भाड्याच्या घरात हवा भरायच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. पुढल्या वर्षी त्यांनी 'एअरबेड अँड ब्रेकफस्ट' या नावाने धंदा उभा केला. तीच आजची एअरबीएनबी. नावाच्या शेवटच्या अक्षरात न्याहारी अजून आहे. बहुतेक ठिकाणी ताटात ती नाही.

आणि दोन शब्द असे, ज्यांचा पाहुणचाराशी संबंध आहे हे इंग्रजही विसरलेत. 'लॉर्ड' आणि 'लेडी'. दोन्ही मुळात जोडशब्द. लॉर्ड म्हणजे पाव राखणारा. लेडी म्हणजे पावाचं पीठ मळणारी. शतकांच्या घासाने दोन्ही शब्द इतके गुळगुळीत झाले की आतला पाव दिसेनासा झाला. राखणारा उमराव झाला. मळणारीही उमरावीण झाली, पण मळायचं काम दुसरीकडे गेलं. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात 'बोर्डिंग' या शब्दाला जे भाग्य लाभलं ते त्याला इंग्लंडातही लाभलं नसेल. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग एकेका जातीची, धर्माची बोर्डिंगं निघत गेली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह. प्रत्येक जातीला वेगळं बोर्डिंग का, असा प्रश्न आज कुणी विचारतो. कारण सोपं आहे. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला शहरात कोण जेवू घालणार होतं? ब्राह्मण मुलाला माधुकरी होती, वार होते. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. इतरांना तेही नव्हतं. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं, तेव्हा पंक्तीचा प्रश्न निदान एका छपराखाली सुटला.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे पर्यटनाचा कुठलाही कार्यक्रम निघाला की अतिथीला देव मानायला सांगणारं उपनिषदातलं वचन फलकावर झळकतं. वचन थोरच आहे. पण अतिथी कोणाला म्हणायचं याचे नियम आपल्या स्मृतींनी करून ठेवले होते. मनुस्मृतीत एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी. ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियालाही ते नाव नाही, आणि वैश्य-शूद्र आले तर त्यांना नोकरांच्या बरोबरीने वाढावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याखालच्यांचा तर उल्लेखच नको. हे पुस्तकातच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. आपल्या रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधलं, सावरकरांनी सहभोजनं घातली आणि 1933 साली 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढलं. म्हणजे काय, तर कुणीही येऊन बसावं आणि कुणीही आणून दिलेला चहा प्यावा, एवढ्यासाठी वेगळं हॉटेल काढावं लागलं! त्यालाही शंभर वर्षं झालेली नाहीत.

परका माणूस आपल्या घरात येतो, आपल्या भांड्यात जेवतो, आपल्या पडवीवर झोपतो, आणि आपण त्याची जात न विचारता फक्त 'किती जण आहात' एवढंच विचारतो, ही कोकणातल्या खेड्यात लहान गोष्ट नाही. ती वचनाने झाली नाही. पैशाने झाली. हे ऐकायला कडू लागलं तरी माझं मत तेच आहे, आणि ते मी पैशाच्या बाजूने नोंदवतो.

पण पैसा घरात सुखासुखी शिरला नाही. अन्न विकणं हे पाप, ही समजूत जुनी. महाभारताच्या वनपर्वात कलियुगाच्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत लोक शिजवलेलं अन्न विकू लागतील ही एक. कोकणात तर दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा आणि पितळेच्या तांब्यातून पाणी, मग कोण-कुठला ही चौकशी. असल्या गावात भाताला किंमत लावायची कशी?

गणपतीपुळ्याची गोष्ट याहून न्यारी आहे. साऱ्या कोकणात भाद्रपदात गणपती पाहुणा म्हणून घरी येतो. मुंबईची माणसं गाड्या भरून गावी येतात ती त्या पाहुण्यासाठी. गणपतीपुळ्यात घरोघरी मूर्ती आणायची रीत नाही. डोंगरच देव, तो गावात कायमचा बसलेला, तेव्हा दुसरा कशाला बोलवायचा? चतुर्थीला गाव देवळात जातो आणि एरवी लांबूनच दर्शन देणाऱ्या देवाला गाभाऱ्यात शिरून हात लावतो. इतरत्र माणूस यजमान आणि गणपती पाहुणा. इथे गणपती यजमान, गाव त्याच्या घरचं माणूस. मग बाहेरून येणारा यात्रेकरू कुणाचा पाहुणा? अर्थात देवाचा. जुन्या गावकऱ्याच्या बोलण्यात हे सहज येतं: 'देवाकडे आलेत, आपल्याकडे उतरलेत.'

उतरणं हा त्या काळचा नेमका शब्द. बोटीने जयगडला यायचं, मचव्याने धक्क्याला लागायचं आणि तिथून चालत किंवा बैलगाडीने पुळ्याला. किंवा कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून. मग कुणाकडे तरी उतरायचं. पेशवाईत माधवरावांच्या पत्नी रमाबाई यांनी इथे धर्मशाळा बांधली अशी देवस्थानची परंपरा सांगते. धर्मशाळेत छप्पर मिळे, चूल आणि सरपण मिळे. शिजवायचं ज्याचं त्याने. ज्यांना शिजवणं शक्य नसे ते पूजा सांगणाऱ्या भटजींच्या ओटीवर उतरत. निघताना पैसे देत, पण जेवणाचे म्हणून देत नसत. कुणी देवापुढे ठेवी, कुणी घरातल्या पोराच्या हातावर. घेणाराही 'असू दे, असू दे' म्हणत घेई. किती द्यायचे हे दोघांनाही ठाऊक असे आणि दोघेही ते बोलत नसत.

ते बोलायची सुरुवात बायकांनी केली, आणि ती इथे नाही, मुंबईत.

गिरणगावात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे, घाटावरचे गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-पंधरा राहत. पाळीप्रमाणे झोपत. बायको-मुलं गावी. त्यांच्या जेवणाची सोय केली खानावळवाल्या बायकांनी. यातल्या पुष्कळजणी विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्याची गिरणी सुटलेल्या. स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेळची पानं वाढायची, महिन्याकाठी हिशेब. सामान उधारीवर आणायचं, सावकाराचं व्याज भरायचं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, आणि बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळवून दिलं. त्यांच्या नावावर, मी हे दोन शब्द पुढे परत वापरणार आहे.

बाई शिजवलेल्या अन्नाची किंमत तोंडाने सांगते आणि रोख घेते, ही गोष्ट कोकणी माणसाने पहिल्यांदा पाहिली ती या खानावळीत. पुरुषांची हॉटेलं त्याआधीपासून होतीच. दादरला मामा काण्यांचं 1910 पासून. लॉजिंग-बोर्डिंगही होतं, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी 1 ऑगस्ट 1920 ला प्राण सोडला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे एका लॉजमध्येच. पण हॉटेल म्हणजे दुकान. घर ते घरच. माजघरातल्या चुलीवरच्या भाताला दर लावण्याचं धाडस खानावळवालीने केलं. आजच्या होमस्टेची आजी अमेरिकेत नाही, लालबाग-परळच्या चाळीत आहे, असं माझं म्हणणं आहे.

मग गावात ते कसं आलं? हळूहळू. 1975 साली पर्यटन महामंडळ स्थापन झालं, पुढे त्यांचं निवासस्थान इथे समुद्राला लागून उभं राहिलं. तिथे जागा नाही मिळाली की माणसं गावात विचारत फिरत. 1998 च्या 26 जानेवारीपासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आरे-वारेचा सागरी रस्ता झाला आणि रत्नागिरी 25 किलोमीटरवर आली. कोल्हापूर-सांगलीची मंडळी सकाळी निघून दुपारच्या प्रसादाला हजर होऊ लागली. पडवीला एक जांभ्याची आडभिंत घातली की खोली झाली. न्हाणीघर मागे वाड्यात होतं ते खोलीला जोडलं. 'अटॅच आहे का?' हा फोनवरचा पहिला प्रश्न झाला. महामंडळाने घरोघरच्या अशा खोल्यांसाठी योजना काढली तिचं मराठी नाव 'निवास-न्याहारी'. सरकारी नाव असून चांगलं आहे. निदान त्यात खाण्याचा उल्लेख आहे.

'होमस्टे'मध्ये तो नाही. घर आहे आणि राहणं आहे. जेवणाचा पत्ता नाही. आणि गणपतीपुळ्यात येणारा माणूस परत येतो तो कशासाठी? खोलीसाठी? खोली त्याच्या स्वतःच्या घरी अधिक चांगली असते. तो येतो देवासाठी, समुद्रासाठी आणि पानासाठी.

या पानाकडे जरा जवळून बघू. अंगारकीच्या आदल्या रात्री फोन येतो: आम्ही अकरा जण, उकडीचे मोदक मिळतील ना? ओटीवरून पुरुष आत न बघता 'मिळतील' म्हणतो. आत हिशेब सुरू होतो. सुवासिक तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेली पिठी डब्यात किती आहे. नारळ किती फोडायचे. पहाटे चारला उठून खवायचं, गुळात सारण शिजवायचं, वेलदोडा घालायचा. मग उकड. आधणात मीठ, चमचाभर तूप. पिठी वैरून झाकण ठेवायचं, आणि गरम असतानाच मळायची. हात पोळतात, पण गार झाली की पारीला चिरा जातात. पारी बोटांनी पातळ करत वाटीसारखी करायची, सारण भरायचं, कळ्या पाडायच्या, एकेक चुणी अंगठा आणि दोन बोटांनी चिमटत वर नेऊन टोक बंद करायचं. मोदकपात्रात हळदीचं पान. अकरा माणसांचे, माणशी पाच धरले तरी पंचावन्न मोदक, आणि ते गरमच लागले पाहिजेत, म्हणजे पाहुणे देवळातून कधी येतील यावर घाणे बसवायचे. ते अर्धा तास उशिरा येतात, कारण समुद्रावर जातात. बाईचं अर्धं लक्ष पात्राकडे आणि अर्धं समुद्राकडे. इथला समुद्र फसवा आहे, पाण्यात खोल जाऊ नका हे सांगायचं कामही तिचंच. शिवाय वरण-भात, बिरड्याची उसळ, सोलकढी, आणि 'पोराला तिखट चालत नाही हो' म्हणून वेगळी भाजी.

पंगत उठल्यावर बिल होतं. बिल ओटीवर होतं. पैसे हल्ली मोबाइलवर जातात, आणि भिंतीवर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन कुणाच्या खात्याचा असतो? पाटीवर नाव कुणाचं? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर? निवास-न्याहारीच्या नोंदणीत? तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पाव राखणाऱ्याचं आहे. मळणारीचं क्वचित.

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारीसारख्याच योजनेत एक अट आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे, खोल्या जास्तीत जास्त सहा, खाटा बारा. म्हणजे ते घर असलं पाहिजे. किनाऱ्यावर आता तीन-तीन मजली इमारती होमस्टेची पाटी लावून उभ्या आहेत, ज्यात कुणीही राहत नाही. किल्ली एक पगारी पोरगा देतो, जेवण बाहेरून येतं. त्यांनी लॉज म्हणावं. लॉज चालवण्यात कमीपणा काही नाही. पण घराचं नाव लावून घरच काढून टाकायचं, ही आपल्याच पायावर मारलेली कुऱ्हाड आहे; कारण दरात ते स्वस्त पडतात आणि नावावर तुमचं गिऱ्हाईक ओढतात.

ज्यांची खरीच घरं आहेत त्यांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचं नाव लावावं, असा शासनाचा 'घर दोघांचे'चा निर्णय 2003 सालचा आहे. त्याच्याही आधी शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनात शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावावर जमिनी केल्या होत्या, आणि ते शेतकरी काही शहरी सुधारक नव्हते. 2023 साली राज्याने महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि तीच तो चालवत असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन भरतं. गणपतीपुळ्यात 'तीच चालवते' ही अर्धी अट घरोघर कधीचीच पुरी झालेली आहे. अडतं ते मालकीपाशी. मुंबईतल्या खानावळवालीला 1975 नंतर जे मिळालं, बँकेत तिच्या नावावर कर्ज, ते इथल्या बाईला अजून नवऱ्याच्या सहीने मागावं लागतं.

कुणी म्हणेल, घरातल्या घरात नावाचा एवढा बाऊ कशाला, पैसा शेवटी एकाच घरात येतो. येतो ना. मग नाव लावायला अडचण कसली?

ज्यांच्या घरावर पाटी आहे अशी पुष्कळ मंडळी इथे बसली आहेत. येत्या हंगामाआधी पाट्या रंगवाल. रंगाऱ्याला बोलावण्याच्या आधी ग्रामपंचायतीत जा, नमुना आठचा उतारा काढा आणि त्यावर तिचं नाव आहे का बघा. नसलं तर अर्ज करून घ्या. मग बँकेत खातं तिच्या नावाने, मग नोंदणी, आणि सगळ्यात शेवटी पाटी. पाटीवर होमस्टे लिहा, निवास-न्याहारी लिहा, नाहीतर जुनंच घरगुती जेवणाची सोय लिहा. शब्दाला माझी काही हरकत नाही. फक्त खाली ज्या नावाने लोक फोन करणार ते नाव पान वाढणारीचं असू द्या.